जिल्ह्याचे दुखणे नेमके कोणते?

कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खोलीत भिंतीवर रंगवलेला एक तक्ता दिसतो. लोकसंख्या अमुक, गावे अमुक, उपकेंद्रे अमुक. त्याखाली लसीकरण, कुटुंबकल्याण शस्त्रक्रिया, क्षयरोग, हिवताप यांचे उद्दिष्ट आणि साध्य. तक्ता बहुधा सुवाच्य अक्षरात असतो आणि त्यातले आकडेही सहसा खरे असतात. पण त्याच्यासमोर उभे राहून “या तीस हजार लोकांना सर्वांत जास्त त्रास कशाचा आहे?” असा साधा प्रश्न विचारला, तर उत्तर सापडत नाही. वरून जी कामे नेमून दिली त्यांचा तो हिशेब आहे. लोकांची गरज कोणती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीतही वेगळी आहे.

हा विषय आज घेण्याचे कारण वाचकांची पत्रे. कोणी लिहितात, आमच्या तालुक्याला सोनोग्राफीचे यंत्र नाही. कोणी लिहितात, डायलिसिसची सोय हवी. कोणाला हाडांचा डॉक्टर हवा, कोणाला उपकेंद्राची नवी इमारत. यातली एकही मागणी चुकीची नाही. परंतु सगळे एकदम मिळत नसते. आधी काय आणि नंतर काय, हे कोणीतरी ठरवत असतेच. बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याचे आधी होते. शास्त्रीय पद्धतीने ठरवायचे झाले तर काय करावे लागते, ते आपण पाहू.

‘गरज’ हा शब्द आपण एकच वापरतो, पण त्याच्या पोटात निरनिराळ्या गोष्टी असतात. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ साली त्यांची छान फोड करून दाखवली. लोकांना मनातून जे हवेसे वाटते ती एक गरज. त्यांतले जे ते प्रत्यक्ष मागतात, म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभे राहतात, ती दुसरी. तज्ज्ञ मापदंड लावून सांगतात ती तिसरी. आणि शेजारच्या तशाच गावाला मिळाले, आम्हाला मिळाले नाही, ही चौथी. गंमत अशी की या चारही याद्या क्वचितच जुळतात. आपल्याकडे सरकारी नोंद होते ती मुख्यतः दुसऱ्या गरजेची. जो आला त्याची नोंद झाली. जो आलाच नाही तो निरोगी समजला गेला.

न आलेल्यांची संख्या किती मोठी असू शकते, याचे उदाहरण सर्पदंशाचे आहे. भारतात २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे दगावली असावीत, असा अंदाज देशभर घरोघरी जाऊन केलेल्या मृत्यूंच्या चौकशीवरून २०११ साली प्रसिद्ध झाला. सरकारी रुग्णालयांतून कळवल्या गेलेल्या आकड्यापेक्षा तो तीसपटीहून अधिक होता. माणसे रुग्णालयात पोहोचलीच नाहीत. कोणी वाटेत गेले, कोणी मांत्रिकाच्या ओट्यावर, कोणी शेताच्या बांधावर. मग जिल्ह्याच्या अहवालात सर्पदंश हा किरकोळ विषय ठरतो आणि औषध मागवतानाही तो किरकोळच राहतो.

या बाबतीत आपल्याला परदेशी उदाहरण शोधण्याची गरज नाही. जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना ज्या जिल्ह्याचे नाव ठाऊक आहे तो आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून तो वेगळा झाला. जंगल अफाट, रस्ते थोडे, वस्ती विरळ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८०च्या दशकाच्या मध्यास तेथे ‘सर्च’ ही संस्था काढून काम सुरू केले. दवाखाना चालवणे हे त्यांचे एक काम झाले. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते दुसरे: त्यांनी खेड्यात जाऊन मोजले.

पहिली गोष्ट स्त्रियांच्या आजारांची. त्या काळी सरकारी आरोग्य कार्यक्रमात बाई म्हटली की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येत: बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अंग बाहेर येणे या तक्रारींना कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या नव्हेत, गावात राहणाऱ्या. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापून आले. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक ना एक आजार होता. सरासरी काढली तर दर बाईमागे साडेतीनहून अधिक आजार. आणि याआधी कधी या कारणासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती? शेकडा ८.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहा. शंभरातील ब्याण्णव आजारी आणि आठजणींचीच तपासणी. केंद्राच्या नोंदवहीवरून गरज ठरवली असती तर ती आठजणींइतकीच दिसली असती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तपासलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ४५ जणींनी आपल्याला काही त्रास होतो असे सांगितलेच नव्हते. बाईच्या जातीला हे असायचेच, अशी समजूत. जो त्रास आजार म्हणून ओळखलाच जात नाही तो मागणार कोण? पुढे १९९४ साली कैरो येथे भरलेल्या लोकसंख्याविषयक जागतिक परिषदेत ‘प्रजनन आरोग्य’ ही कल्पना सर्व देशांनी स्वीकारली आणि १९९७ पासून आपल्याकडेही प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. अशा अभ्यासांनी त्यासाठी जमीन तयार केली होती.

दुसरी गोष्ट बालकांची. लहान मूल दगावले की कारण विचारल्यावर गावात काय काय सांगतात, ते खेड्यात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘नजर लागली’, ‘डब्बा झाला’, ‘बाहेरचे काही लागले’. विदर्भात डब्बा म्हणतात तो बहुतेक वेळा न्यूमोनिया असतो. पोट उडते, बरगड्या आत ओढल्या जातात. गडचिरोलीत मृत्यूची कारणे घरी बसून, आईकडून नीट विचारून घेतली तेव्हा न्यूमोनिया हा मोठा मारेकरी निघाला. त्यावर साध्या गोळ्यांचा उपचार होता, पण मूल डॉक्टरपर्यंत पोहोचत नव्हते. म्हणून गावातल्याच माणसांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले. शिकवण्यासारखी मुख्य गोष्ट एकच: श्वास मोजणे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे एका मिनिटात ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर छातीत आजार आहे असे समजावे. (हे आकडे प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मोजताना मूल शांत हवे, रडत नको. आणि छाती आत ओढली जात असेल किंवा मूल पीत नसेल तर मोजत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे.) मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधनही तेथे तयार करण्यात आले. १९९० साली छापलेल्या निष्कर्षानुसार, न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी दगावण्याचे प्रमाण उपचार मिळालेल्या गावांत शेकडा एकाहून कमी, तर इतर गावांत शेकडा तेराहून अधिक होते.

तरीही बाळे जातच होती. तेव्हा पुन्हा मोजणी. यावेळी जन्मापासूनच्या पहिल्या २८ दिवसांची. खेड्यात हे काम किती अवघड, याची कल्पना शहरातल्या माणसाला येणार नाही. बाळंतिणीची खोली अंधारी, परक्याला आत येऊ देत नाहीत. बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसते आणि ज्याला नाव नाही त्याची नोंद कोण करणार? ते आले होते हेच कोणी सांगत नाही. गावच्या आरोग्यदूत बायांनी ३९ गावांत एका वर्षात जन्मलेल्या ७६३ बाळांवर लक्ष ठेवले. जवळजवळ निम्मी बाळे जिवाला धोका होईल अशा कोणत्या ना कोणत्या आजारातून गेली. वैद्यकीय मदत मिळाली शेकडा तिघांनाही नाही.

म्हणजे इस्पितळाच्या हिशेबी त्या गावांत आजारी नवजात बाळे जवळपास नव्हतीच.

मग या आरोग्यदूतांनाच बाळाला ऊब देणे, स्तनपान सुरू करून देणे, श्वास अडकलेल्या बाळाला वाचवणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे असे सर्व शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षात नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने घटले. २०११ पासून भारतभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात, बाळाचे वजन करतात, ते या कामाचेच रूप आहे. आपल्या गल्लीत आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आली तर तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका, एवढेच येथे सांगतो.

२००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या भागांत स्वयंसेवी संस्थांनी गावात राहून बालमृत्यू मोजले तर ते सरकारी दप्तरातील आकड्यांहून कितीतरी जास्त भरतात, हे त्यात दाखवले होते. त्यावरून मोठे वादळ उठले. आकडा वाढला की अधिकारी अडचणीत येतो, म्हणून खालचा कर्मचारी आकडा दाबतो. हा व्यवहार सर्वांना ठाऊक असतो. माझ्या मते जास्त मृत्यू नोंदवणाऱ्या केंद्राला नोटीस देण्याऐवजी शाबासकी दिली पाहिजे. ज्या केंद्रात एकही बाळ दगावले नाही असे कागद सांगतात, चौकशी तेथे आधी व्हावी.

गडचिरोलीचीच आणखी एक हकिगत येथे सांगायला हवी, कारण गरजांची यादी एकदा तयार करून लोखंडी कपाटात ठेवता येत नाही. त्या जिल्ह्याचे नाव काढले की कोणालाही हिवताप, कुपोषण, बालमृत्यू आठवतात. पण २०११ नंतरच्या दोन वर्षांत ‘सर्च’ने ८६ गावांतील सर्व मृत्यूंची कारणे शोधली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू, म्हणजे शेकडा चौदा, लकव्याच्या झटक्याने झालेले होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटणे वा तुंबणे. कोणत्याही एका कारणापेक्षा हे अधिक. ज्याला आपण शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार समजतो तो जंगलातील खेड्यांत पहिल्या क्रमांकावर! आणि यांतील शेकडा ८७ माणसे घरीच वारली. म्हणजे पुन्हा तेच, रुग्णालयाच्या वहीत नोंद नाही. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे ग्रामसभेत उभे राहून “आमचे ब्लडप्रेशर मोजा” अशी मागणी कोणी करीत नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग लोकांना विचारण्यात अर्थ नाही, तज्ज्ञांनीच ठरवावे. तसे अजिबात नाही. जामखेडचे उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले, गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केले. शिक्षण अमेरिकेत झालेले, डोक्यात आरोग्याच्या योजना. लोकांना विचारले तर लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. दुष्काळाची ती वर्षे होती. तेव्हा औषधांच्या आधी कूपनलिका आल्या आणि मुलांसाठी अन्नछत्रे चालली. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्यामुळे सगळ्या गावाला पाण्यासाठी तेथे यावे लागले, हा त्यातला आणखी एक फायदा. मुलांची हगवण पाण्यानेच होत होती. तेव्हा लोक जे म्हणत होते ते वैद्यकीय दृष्टीनेही बरोबरच होते, फक्त त्यांच्या भाषेत होते. पुढे गावोगावच्या बहुतांश निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवण्यात आले. सुरुवातीला त्या भागात हजारी १७६ असलेले अर्भकमृत्यूचे प्रमाण १९९०च्या दशकात वीसच्या आत आले.

गडचिरोलीतही आदिवासींना, तुम्ही इस्पितळात का येत नाही, असे विचारले तेव्हा औषधाबद्दल तक्रार नव्हती. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, तेथे आमचा देव नाही, असे लोक म्हणाले. त्यावरून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला, नातेवाइकांची राहण्याची सोय केली आणि नाव दिले माँ दंतेश्वरी दवाखाना. हे शहाणपण कुठल्याही सर्वेक्षणाच्या छापील फॉर्मात सापडले नसते.

विचारायचे ते मात्र योग्य ठिकाणी. एका गावी आरोग्याविषयीच्या सभेला मी बसलो होतो. पुढच्या रांगेतील पुरुषांनी तासाभरात सहा मागण्या लिहून दिल्या. त्यांत रुग्णवाहिका होती, एक्स-रे होता, उपकेंद्राला कंपाउंड होते. भिंतीला टेकून बसलेल्या पंधरा-वीस बाया पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. “बायांचं काही म्हणणं नाही ना?” असे सरपंचांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता इतिवृत्त संपवले. चहा झाल्यावर त्याच बाया अंगणवाडीत आशाताईभोवती जमल्या. कोणाच्या अंगावरून जात होते, कोणाची कंबर धरली होती. विहिरीला उन्हाळ्यात किडे पडतात, असे एकीने सांगितले. आणि सर्वांत जास्त वेळ बोलणे झाले ते दारूवर. मघाशी का नाही बोललात, असे आशाताईने विचारल्यावर एक वयस्कर बाई म्हणाल्या, “घरधनी समोर बसलाय, सायेब बसलाय. तिथं हे बोलायचं का बाई?” दारूला आपण आरोग्याच्या यादीत धरतच नाही. गडचिरोलीतील बायांनी मात्र तो आपला पहिला आजार ठरवला होता. त्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

आता समजा, सर्वांना विचारून वीस गोष्टींची यादी झाली. आधी कोणती? अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारखा ‘काउंटी’ नावाचा विभाग असतो. तेथील ग्रामीण काउंटींत आरोग्य खाते व इस्पितळे मिळून असे सर्वेक्षण करतात. २०१० च्या कायद्याने तर धर्मादाय इस्पितळांना दर तीन वर्षांनी परिसराच्या गरजांची पाहणी करणे बंधनकारक केले. (आपल्याकडील धर्मादाय इस्पितळांनीही हे केले तर बरे होईल.) प्राधान्य ठरवण्यासाठी तेथे जॉन हॅनलन यांनी घालून दिलेली एक रीत बरीच वापरली जाते. ती आपल्या आठवीच्या मुलालाही जमेल. प्रत्येक प्रश्नाला दहापैकी तीन गुण द्यायचे: किती लोकांना आहे, किती गंभीर आहे, आणि त्यावर आपल्या हातात असलेला उपाय किती गुणकारी आहे. गंभीरपणाचे गुण दुप्पट करून पहिल्यात मिळवायचे आणि बेरजेला तिसऱ्याने गुणायचे.

समजा, कंबर-गुडघेदुखीला आपण संख्येचे ९, गंभीरपणाचे ३, उपायाचे ४ गुण दिले. नऊ अधिक सहा पंधरा, गुणिले चार, साठ. सर्पदंशाला संख्येचे २, गंभीरपणाचे ९, उपायाचे ८ दिले तर दोन अधिक अठरा वीस, गुणिले आठ, एकशे साठ. रक्तदाबाला ७, ८ आणि ८ दिले तर एकशे चौऱ्याऐंशी. हे गुण मी केवळ हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. पण त्यातली गोम ध्यानात येईल. आजार थोड्यांना होत असला तरी तो जीव घेतो आणि उपाय हाताशी आहे, तर तो वर जातो. उपायच नसेल तर कितीही मोठा प्रश्न शून्याने गुणला जातो. म्हणूनच नवा उपाय सापडला की यादी बदलते. विंचूदंश हे कोकणातील ठळक उदाहरण. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवले; १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या घरात उतरले. दिल्लीत बसून केलेल्या यादीत विंचू कधीच आला नसता.

गुणांच्या या रीतीत एक धोका आहे, तोही सांगतो. गुण देणारे कोण? समितीत पाच पुरुष आणि एक अबोल सदस्या असेल तर पांढरे जाण्याला संख्येचे दोन गुण मिळतील, कारण ते किती जणींना आहे हे पाचांपैकी कोणालाच माहीत नसते. गणित बरोबर आणि उत्तर चूक. शिवाय लोक जे पाहिले आहे तेच मागतात. सलाईन लावले की बरे वाटते, म्हणून सलाईन देणारा डॉक्टर हवा. तज्ज्ञ ज्या योजनेला निधी आहे तीच पुढे करतात. दोन्ही बाजूंच्या याद्या समोर ठेवून भांडण झाले तरी चालेल. भांडणाशिवाय झालेली यादी मला जरा संशयास्पदच वाटते.

आपल्या गावापुरते हे काम करायला परवानगी लागत नाही. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती स्थापन झाली. बऱ्याच गावांत आपण तिचे सदस्य आहोत हे सदस्यांनाच ठाऊक नसते. ग्रामपंचायतीत विचारा, नावे मिळतील. या समितीने सर्वप्रथम मागच्या बारा महिन्यांतील मृत्यूंची यादी करावी. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण बारा ते चौदा मृत्यू होतात. (मृत्यूचे प्रमाण हजारी सहा-सात धरले आहे.) ही नावे गावाला तोंडपाठ असतात, आशाताई, अंगणवाडीताई, कोतवाल आणि एखादी जुनी सुईण एकत्र बसली की तासात वही भरते. मग ती ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यू नोंदीशी ताडून पाहावी. दप्तरात सातच निघाले तर उरलेले कोण, ते पाहावे. बहुधा त्यांत तान्ही बाळे, म्हाताऱ्या बाया आणि ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेल्या घरांतली माणसे असतील.

त्यानंतर प्रत्येक घरी शांतपणे बसून चार प्रश्न विचारावेत. काय होत होते, किती दिवस, कोणाकडे नेले, आणि कुठे उशीर झाला. वैद्यकीय नाव कळले नाही तरी बिघडत नाही. “अर्धे अंग लुळे पडले, दोन दिवसांनी गेले” एवढे लिहिले तरी डॉक्टरला पुरेसे असते. घरच्यांना दोष देण्याचा सूर कटाक्षाने टाळावा, नाहीतर पुढच्या घरी दार उघडणार नाही. एका गावाच्या आकड्यांवरून टक्केवारी मात्र काढू नये. वर्षाला पंचवीस-तीस बाळे जन्मतात तेथे एखादे बाळ वाचले वा गेले तरी प्रमाण कुठल्या कुठे उडी मारते. केंद्राखालच्या सगळ्या गावांच्या वह्या एकत्र केल्या तर तीस हजार वस्तीत दोनशेच्या आसपास मृत्यू हाती येतात आणि मग चित्र दिसू लागते. ते काम वैद्यकीय अधिकाऱ्यांनी करावे. गावाने आणून दिलेली वही नाकारणारा अधिकारी माझ्या पाहण्यात फारसा नाही.

बायांचे म्हणणे वेगळे ऐकण्याची सोय तर कायद्यातच आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी ती केवळ रजिस्टरमध्ये भरते आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. येत्या ग्रामसभेपूर्वी ती खरोखरच भरवा. पुरुषांनी बाहेर थांबावे, सरपंचांनीसुद्धा. नर्सताई किंवा आशाताईने बोलण्यास सुरुवात करून द्यावी. तेथे निघालेले विषय नाव न घेता फळ्यावर लिहावेत, आणि मग तोच फळा ग्रामसभेत आणून सर्वांसमोर ठेवावा.

अशी वही कोणत्या गावाने तयार केली तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवावे. माणसांची नावे गाळून पाठवावी. पुढील आठवड्यात उच्च रक्तदाब घरच्या घरी कसा मोजावा आणि बाजारातील यंत्रे घेताना काय पाहावे, याविषयी.